खिळ्यांची शाई

आमच्या घरातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कापडावर एक काळी खूण असायची. लग्नाकार्याला शेजारी मागून नेत त्या सतरंज्या, गव्हाची पोती, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या चादरी, मी यवतमाळला शिकायला होते तेव्हाचे माझे होस्टेलचे कपडे, सगळ्यांच्या कोपऱ्यात आईच्या हातची उभी रेघ, तिला छेदणारी आडवी रेघ आणि खाली टिंब. याचा अर्थ काय, असं मी लहानपणी तिला कितीदा तरी विचारलं. "अर्थ कायले पाह्यजे? आपलं आहे एवढं समजलं म्हणजे झालं," असं म्हणून ती कामाला लागायची.

ही शाई बिब्ब्याची. थंडी सरत आली की जंगलाकडच्या बाया टोपल्यांमधून बिब्बे घेऊन बाजारात बसत. गावातल्या बाकीच्या बायका आतल्या बीचा, गोडंबीचा, भाव करायच्या, आई मात्र आख्खे, रसानं भरलेले बिब्बे निवडून घ्यायची. मग एखाद्या सकाळी हाताला कोपरापर्यंत खोबरेल तेल चोपडून ती अंगणात पाटावर बसे. बिब्बा चिमट्यात धरायचा, तापवलेली सुई त्यात खुपसायची आणि आतून जो रस पाझरतो त्यात काडी बुडवून कापडावर रेघ ओढायची. रेघ आधी तपकिरी दिसते. वरून ओला चुना लावला की बघता बघता काळी होते, आणि एकदा काळी झाली की धोब्याच्या भट्टीलाही दाद देत नाही. आमच्या कितीतरी चादरी विरून गेल्या, त्यांच्या चिंध्यांची पायपुसणी झाली, पण पायपुसण्यावरही खूण शाबूत.

हे काम चालू असताना कुणी बिब्ब्याचं नाव घ्यायचं नाही, असा घरचा दंडक होता. बिब्बा ज्याला उततो त्याच्या अंगावर फोड येतात, आग होते, तोंड सुजतं. आणि त्याचं नाव घेतलं की तो चवताळतो, असं आमच्याकडच्या बायका मानत. "ते काळं" एवढंच म्हणायचं. मी विज्ञान शिकलेली आणि पुढे शाळेत विज्ञानच शिकवायला लागलेली, त्यामुळे मला हे सगळं थोतांड वाटायचं. नाव मात्र मीही घेत नसे.

चुना यायचा शेजारच्या चाचींच्या पानदानातून. चाची म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातल्या. त्यांच्या नवऱ्याचं बारदान्याचं दुकान होतं, जुनी पोती विकत घ्यायची, शिवायची आणि हंगामात विकायची. माहेर त्यांचं नेरचं, रंगाऱ्याचं घर. आई शाई करायला बसली की चाची चुन्याची डबी घेऊन यायच्या आणि भिंतीला टेकून सूचना द्यायच्या. हात कधी लावायच्या नाहीत, कारण त्यांना तो उतायचा.

मी सांगतेय ते कापसाच्या वाईट वर्षांतलं आहे. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात बाहेरची माणसं फार यायची. कॅमेरे घेऊन यायची, गाड्या देवळापाशी उभ्या करायची आणि रडणारं घर कुठलं ते विचारायची. मला त्यांचा राग यायचा. दुःख नव्हतं असं नाही, दुःख ढीगभर होतं आणि ते आमच्या दारावरूनही जात होतं. पण त्याच वर्षांत आमच्याकडे लग्नंही होत होती, पोरं पास-नापास होत होती, बायका पापड लाटत होत्या आणि माणसं नुसती म्हातारीही होत होती. माझे बाबा म्हातारे होत होते, आणि त्याचं चित्रण करायला कुणी येणार नव्हतं.

बाबा सरकारी कापूस खरेदी केंद्रावर मोठे बाबू होते. आमच्या घरात आजोबांपासून सगळे कचेरीतले. शेतीचं आम्हाला फक्त बोलणं येत होतं. बाबांचा थाट म्हणजे पांढरा शर्ट. निळीतून काढलेला, खळ दिलेला, कडक इस्त्रीचा. कापसाच्या धुरळ्यात दिवसभर बसून संध्याकाळी माणूस तसाच्या तसा पांढरा घरी येतो, याचं लोकांना नवल वाटे. चांगल्या वर्षी केंद्रापासून बसस्टँडपर्यंत बैलगाड्यांची रांग लागायची, गाडीवाले रांगेतच भाकरी खायचे, आणि बाबांना घरी जेवायला यायला फुरसत नसे. पुढे रांगा आखूड झाल्या. खासगी व्यापारी परस्पर माल उचलू लागले. बाबा निवृत्त झाले, आणि त्यानंतर एका हंगामात केंद्र उघडलंच नाही. चाचींच्या दुकानातली पोतीही त्या वर्षी तशीच पडून राहिली.

केंद्र बंद झालं हे बाबांना माहीत होतं. ते स्वतःच मला पेपरमधून वाचून दाखवत. पण हळूहळू असं झालं की सकाळी दहाच्या सुमाराला ते पांढरा शर्ट घालून निघायला लागले. "कुठं चाललात?" असं आईनं विचारलं की म्हणायचे, "कुठं म्हणजे? ऑफिसले." सुरुवातीला याचं काही वाटलं नाही. बंद फाटकापाशी चौकीदार त्यांना बसायला स्टूल द्यायचा, ते बसायचे, रिकाम्या आवाराकडे बघायचे आणि जेवायच्या वेळेला परत यायचे. सगळं गाव ओळखीचं. मग परतीचा रस्ता चुकायला लागला. कुणीतरी हाताला धरून आणून सोडायचं.

आणि मग ते नेरला गेले. बसनं यवतमाळ, तिथं बस बदलून नेर. माझ्या जन्माआधी त्यांची तिथं बदली झालेली होती. तिथल्या मार्केटात त्यांना भांबावलेलं बघून लोकांनी घर विचारलं, तर बाबांनी न अडखळता पत्ता सांगितला. तो पत्ता आमच्या तिथल्या भाड्याच्या घराचा होता. लोकांनी नेऊन पोचवलं. घरमालकाची म्हातारी बायको अजून जिवंत होती, तिनं चेहरा ओळखला म्हणून ते दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले. आई तोवर जेवलेली नव्हती. बाबा मात्र चांगले ताजेतवाने होते. "नेरचं पाणी चांगलं," म्हणाले.

त्या दिवसापासून आईला एकच ध्यास लागला. बाबा जातील तिथून परत आले पाहिजेत, आणि आपण हरवणारी वस्तू झालो आहोत हे त्यांना कळता कामा नये. तिला दोन्ही हवं होतं. मला दुसऱ्याचं एवढं वाटत नव्हतं. माणूस सुखरूप असला म्हणजे झालं, मान-अपमान मागाहून बघू, असं माझं म्हणणं.

मी म्हटलं दाराला बाहेरून कुलूप लावू. आई म्हणाली, "ते काय गुरं आहेत?" मी म्हटलं खिशात चिठ्ठी ठेवू. चिठ्ठ्या ठेवून पाहिल्या. बाबा खिशात मिळालेला कुठलाही कागद नीट वाचायचे, त्याची चार तुकड्यांत घडी करून फाडायचे आणि टाकून द्यायचे. आयुष्यभर कचेरीत केलं ते हात विसरले नव्हते. शेवटी मी गळ्यात पत्र्याचा बिल्ला घालायचं सुचवलं, तेव्हा आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तर अंगणात पाट मांडलेला, हाताला तेल, शेगडीवर सुई. मांडीवर बाबांचे शर्ट.

"आई, हे काय करून राह्यली?"

"दिसते ना."

"पोत्यावर खूण करतात, आई. माणसावर नाही करत."

"माणसावर कुठं? शर्टावर करून राह्यली." तिनं मान वर केली नाही. "आतून आहे. कालरच्या आतून. त्यायले दिसत नाही, बाकीच्यायले दिसते."

नेहमीची रेघ-टिंबाची खूण तिनं काढली नव्हती. परक्या गावात ती कुणाला कळणार? तिनं पत्ता लिहिला होता. देवळामागची गल्ली, निळं दार, घाटंजी. नाव मात्र नव्हतं. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात तोंडानं घेतलं नव्हतं, हातानं काय लिहिणार! मी म्हटलं मी लिहिते, तर म्हणाली, "राहू दे. निळं दार आपल्या गल्लीत एकच आहे."

मी त्यात आणखी काही बिब्बा घातला नाही. आणि खरं सांगायचं तर त्या पत्त्यामुळे बाबा एकदा पांढरकवड्याच्या स्टँडवरून सरळ घरी आलेही. तिथल्या चहावाल्याला मानेपाशी काळी अक्षरं दिसली, त्यानं कॉलर उलटी करून पाहिली आणि त्यांना आमच्या बसमध्ये बसवून दिलं. आई खुशीत होती. दोन-तीन शर्ट उरले होते तेही तिनं रंगवून टाकले.

मग ऊन तापलं. घाम यायला लागला आणि बाबांची मान लाल झाली. आधी वाटलं घामोळं असेल. मग बारीक फोड आले, मग मोठे, मग त्यातून पाणी. बाबा रात्रंदिवस मान खाजवायचे आणि काय होतंय ते त्यांना सांगता यायचं नाही. दवाखान्यातलं मलम लावलं. एका दिवसापुरता उतार पडायचा, दुसऱ्या दिवशी स्वच्छ शर्ट घातला की पुन्हा आग. त्यांना बरं वाटावं म्हणून आई रोज धुतलेला, इस्त्रीचा शर्ट घालत होती.

ओळखलं चाचींनी. बाबांच्या मानेकडे एकदाच बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे भाभी, बिबा उतला ना हा! गले में बिबा डालते क्या कोई? चुना किसने लगाया?"

चुना आईनंच लावला होता, पण चाचींना न बोलावता. बाबांच्या शर्टावरचा पत्ता गल्लीत कळू नये म्हणून तिनं त्यांना बोलावलं नव्हतं, घरातल्या डबीच्या तळाशी उरलेल्या चुन्याचं पाणी घाईघाईनं फिरवलं होतं, आणि शर्ट नीट धुऊन वाळवायच्या आधीच घड्या घातल्या होत्या. सतरंजीला चालतं ते कातडीला चालत नाही. आई चाचींसमोर ओट्यावर बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडली. तिला रडताना मी फारशी पाहिली नव्हती, आणि माझ्या अंगात तेव्हा नुसती चीड होती, कुणावर ते माहीत नसलेली. "मीच जाळलं त्यायले," आई म्हणत होती. चाची जवळ बसल्या. मग त्यांनी आत जाऊन खोबरं वाटून आणलं आणि बाबांच्या मानेला थापलं. बाबांनी शहाण्या मुलासारखी मान खाली घातली.

मान बरी व्हायला बरेच दिवस लागले. तेवढे दिवस बाबांना घरात ठेवावं लागलं आणि ते आम्हाला फार जड गेलं. दहा वाजले की ते दारात उभे राहायचे. आई एकदा हे काम, एकदा ते काम काढायची. तांदूळ निवडायला द्यायची. बाबा खडे बाजूला काढायचे आणि पुन्हा दाराकडे बघायचे.

त्याच दिवसांत चाचींनी दुसरी शाई सांगितली. त्यांच्या माहेरी साड्यांच्या काठाचा काळा रंग असा करत. गंजलेलं लोखंड, गूळ आणि पाणी. चाचींच्या दुकानातले पोती टांगायचे जुने खिळे होते, ते मडक्यात टाकले, त्यावर गूळ आणि पाणी, तोंडाला फडकं बांधून मडकं आमच्या गच्चीवर उन्हात. काही दिवसांनी त्याला असा वास सुटला की मी गच्चीवर वह्या तपासायला बसायचं सोडून दिलं. फेस आला, बसला, पाणी चहासारखं झालं. या पाण्यानं नुसत्या कापडावर लिहिलं तर गंजाचा डाग पडतो, बाकी काही नाही. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवावं लागतं. मग त्यावर काडी फिरवली की अक्षर डोळ्यांदेखत काळं होतं. यात लोखंड काय करतं आणि हिरडा काय करतो, ते मी चाचींना सांगायला गेले. चाचींनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हां बेटा. अब वो फडका पकड."

पहिल्यांदा फसलं. आईनं सरळ शर्टाचाच कोपरा हिरड्यात बुडवला. त्याला खळ आणि नीळ होती, रंग धरला नाही, उलट पांढऱ्यावर पिवळट डाग पडला आणि तो बाबांनी लगेच पाहिला. सगळं विसरणारा माणूस, पण शर्टावरचा डाग विसरत नव्हता. तेव्हा मग जुन्या धोतराची पट्टी काढून ती बुडवली, वाळवली, तिच्यावर पत्ता लिहिला, धुऊन पाहिली, चाचींनी स्वतःच्या मनगटाला एक दिवस बांधून ठेवली. काही झालं नाही. आईनं ती शर्टाच्या खालच्या काठाला आतून टाचली.

बाबांना ती पहिल्याच दिवशी सापडली. शर्ट खोचताना बोटांना लागली असावी. त्यांनी शर्ट काढला, पट्टी वाचली आणि आईकडे बघून शांतपणे विचारलं, "हे काहून?"

आई शर्टाचा टाका चाचपायला लागली.

"माझ्याच शर्टाले काहून आहे हे?"

ते एवढ्या स्वच्छ आवाजात बोलले की मला वाटलं त्यांना सगळं कळतंय, आजवरचं सगळं. मला फार भीती वाटली. आई म्हणाली, "तुमच्याच कायले? सगळ्यायच्या कपड्यायले केलं. आजकाल धोब्याकडे लय बदलतात."

"तुह्या लुगड्याले आहे?"

"आहे ना."

"दाखव."

"वाळत घातलं आहे," आई म्हणाली.

ते वाळत घातलेलं लुगडं तोवर अस्तित्वात नव्हतं. बाबा शर्ट हातात धरून बसले. आई मागच्या दारानं चाचींकडे गेली, आणि दुपारपर्यंत आमच्या घरातल्या जवळजवळ प्रत्येक कपड्यासाठी धोतराच्या पट्ट्या हिरड्यात पडल्या. माझ्या शाळेत जायच्या साड्यासुद्धा तिनं सोडल्या नाहीत. मी चिडले. म्हटलं, पोरी हसतील मला. "हसू दे," आई म्हणाली. "एकट्या त्यायच्याच अंगावर राह्यलं तर ते पोतं झालं. सगळ्यायच्या अंगावर असलं म्हणजे घरची रीत झाली."

संध्याकाळी ती पट्ट्यांवर लिहायला बसली तर बाबा येऊन शेजारी उभे राहिले. थोडा वेळ पाहिलं. मग म्हणाले, "जिल्हा कुठं आहे?"

"काय?"

"पत्त्यात जिल्हा नाही. असा पत्ता असते काय?" आणि त्यांनी तिच्या हातातली काडी घेतली.

त्या संध्याकाळी सगळ्या पट्ट्या बाबांनी लिहिल्या. पाय दुमडून, पाटावर पट्टी ताणून, एकसारख्या टपोऱ्या अक्षरांत. देवळामागची गल्ली, निळं दार, मुक्काम घाटंजी, जिल्हा यवतमाळ. अक्षर हळूहळू काळं व्हायचं तेव्हा ते थांबून बघायचे आणि मगच पुढची पट्टी घ्यायचे. कित्येक महिन्यांनी त्यांना ऑफिसचं काम मिळालं होतं. आई पट्ट्या उचलून दोरीवर टाकत होती आणि मधूनच माझ्याकडे बघत होती, बघ म्हणून. मला हसू आलं.

आईनं आपली पट्टी पदराच्या टोकाला, बाहेरून लावली. आतून लावायचं तिच्या मनात आलं नाही असं नाही. "त्यायले येता-जाता दिसली पाह्यजे," म्हणाली. गल्लीतल्या बायकांनी विचारलं तेव्हा तिनं धोब्याचंच कारण सांगितलं. चाचींनी आपल्याही ओढणीला एक लावून घेतली. त्यांच्या दाराचा रंग हिरवा होता, तेवढं बाबांकडून बदलून घेतलं.

पुढचं दीड-दोन वर्षांचं आयुष्य त्या पट्ट्यांवर चाललं. बाबा पुन्हा दहाला निघायला लागले आणि कुणीतरी त्यांना परत आणायला लागलं. कधी एसटीचा कंडक्टर, कधी ट्रॅक्टरवाला, एकदा तर लग्नाची अख्खी वरातच. आणणाऱ्याला ते दारात म्हणायचे, "बरं झालं, मी इकडंच येऊन राह्यलो होतो." आई त्या माणसाला चहा पाजल्याशिवाय सोडायची नाही. मात्र बाबा आतून कमी होत चालले होते. आधी माझं नाव गेलं. मग मी गेले, म्हणजे मी कोण ते. मला ते "मॅडम" म्हणायला लागले. आईला मात्र ओळखायचे. निदान आई तसं म्हणायची, आणि मी तिला कधी उलटून विचारलं नाही.

अशातच एके दिवशी आठवडी बाजार होता आणि मला सुट्टी होती. आई बाबांना घेऊन भाजी आणायला गेली. बाजारात ती त्यांचा हात सोडत नसे. ऊन होतं, तिला आदल्या दिवसापासून बरं नव्हतं. कांद्याच्या ढिगापाशी तिला चक्कर आली आणि ती तिथंच जमिनीवर बसली. हात सुटला. पुढचं मला ऑटोवाल्यानं सांगितलं, आणि नंतर आईनं.

बाबा दोन पावलं पुढे गेले आणि थांबले. वळले. जमिनीवर एक म्हातारी बाई बसलेली, डोळे मिटलेले, पिशवी बाजूला पडलेली. ते तिच्याजवळ आले, वाकले आणि म्हणाले, "बाई, बरं नाही काय?" आईनं डोळे उघडले. ते तिच्याकडे बघत होते तसं नवरा बायकोकडे बघत नाही, एवढं तिला कळलं. नंतर ती मला म्हणाली, तेव्हा मला चक्कर नव्हती ग, तेव्हा मी पूर्ण शुद्धीवर होते.

"घर कुठं तुमचं?"

आईला बोलता येईना. बाबांनी इकडेतिकडे बघितलं आणि त्यांना पदराचं टोक दिसलं. त्यांनी ते उचलून वाचलं. मग सरळ उभे राहिले, कापसाच्या गाड्यांना हाक मारत त्या आवाजात ऑटोवाल्याला हाक मारली आणि सांगितलं, "ह्या बाई चुकल्या आहेत. पत्ता पदराले लिहून आहे. नीट न्या. नाही, थांबा, मीच येतो. बाईमाणूस आहे."

ऑटो दारात आला तेव्हा मी भांडी घासत होते. हात पुसत बाहेर आले. बाबा आधी उतरले, मग त्यांनी आईला हात देऊन उतरवलं, पिशवी स्वतः घेतली. दाराचा रंग एकदा नीट बघून घेतला. मग माझ्याकडे वळले.

"मॅडम, ह्या बाई तुमच्याच काय?"

मी आईकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक होता. तिनं मला डोळ्यांनी बजावलं.

"हो," मी म्हणाले. "आमच्याच."

"मंग जरा सांभाळा. बाजारात एकट्या सोडू नका असं. आज मी होतो म्हणून." पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली. शर्ट झटकला, आईला दुरूनच नमस्कार केला आणि वळून चालायला लागले.

हाक मारावी तर काय म्हणून मारावी? 'बाबा' म्हटलं तर ते थांबलेच नसते. ऑटोवालाही गोंधळून बघत होता. ते देवळाच्या कोपऱ्यापर्यंत पोचले होते.

आईनं दाराची चौकट धरली. पन्नास वर्षांच्या संसारात तिनं ज्या माणसाला "अहो" सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं, त्याला ती मोठ्यानं म्हणाली, "भाऊ! ओ भाऊ! एवढ्या उन्हात मले घरी पोचवलं, आता चहा घेतल्याबिगर जाऊ नका."

बाबा थांबले. मागं वळले. क्षणभर त्यांनी विचार केला, मग परत आले आणि पायरीपाशी चपला काढायला लागले.

"अर्धाच कप," ते म्हणाले. "घरी वाट पाहत असतील."

"हो," आई म्हणाली. "या, आत या."